घरच्या कॉम्प्युटरचा बॅकअप: ड्रॉवरमधल्या जुन्या डिस्कपासून येळवसला गावी जाणाऱ्या डिस्कपर्यंत

अण्णांनी किल्लारीच्या भूकंपाची रात्र सांगितलेलं एक रेकॉर्डिंग माझ्याकडं होतं. अठ्ठेचाळीस मिनिटांचं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे तीन छप्पन, गणपती विसर्जन करून लोक नुकते आडवे झालेले. औसा तालुक्यातल्या आमच्या गावात माळवदाची घरं कशी बसली, मातीखालून आवाज कुठून येत होते, हे त्यांनी एका दुपारी न थांबता सांगितलं आणि मी मोबाइलवर घेतलं. पुढं मोबाइलची मेमरी भरली. मी ते रेकॉर्डिंग एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर टाकलं, मोबाइलमधून काढून टाकलं आणि घरात सगळ्यांना सांगितलं, बॅकअप घेतलाय.

एक दिवस डिस्क टीपॉयवर चालू होती. जाता-येता कुणाचा तरी पाय वायरीत अडकला आणि डिस्क फरशीवर आली. उंची दीड फूट असेल. परत लावली तर आतून टक्... टक्... टक्... असा एकसारखा आवाज, आणि कॉम्प्युटरला ती दिसेचना. तोवर अण्णा जाऊन वर्ष झालं होतं. आज त्या रेकॉर्डिंगची फक्त पहिली अकरा मिनिटं आमच्याकडं आहेत, कारण तेवढा तुकडा मी आक्काला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता आणि तिनं तो पुसला नव्हता.

मी केलं होतं ते हलवणं होतं, बॅकअप नव्हता. वस्तू या खोलीतून त्या खोलीत नेली तरी ती एकच राहते. बॅकअप म्हणजे तीच गोष्ट एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी असणं. आपल्याकडं शेकडा नव्वद घरांत हीच चूक होते असं म्हणायला माझ्याकडं आकडा नाही, पण माझ्याकडं डिस्क घेऊन येणाऱ्या जवळपास प्रत्येकानं तेच केलेलं असतं. म्हणून हा लेख लांबण लावून लिहितोय. घरात विंडोजचा एखादा कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप, दोन-तीन जुन्या डिस्क, डबाभर पेनड्राइव्ह आणि मोबाइलमध्ये कोंबलेले फोटो अशी अवस्था असेल, तर हे तुमच्यासाठी आहे.

आधी एक गैरसमज काढू

"माझं सगळं डी ड्राइव्हला आहे, सेफ आहे." हे वाक्य मी लातुरात, नांदेडात, परभणीत, सगळीकडं ऐकलंय. सी आणि डी ही बहुतेक घरांत एकाच डिस्कची दोन दालनं असतात. एका वाड्यात मधी भिंत घातली तरी वाडा एकच. विंडोज बिघडलं आणि दुकानदारानं फक्त सी फॉरमॅट केलं, तर डी वाचतं, एवढाच त्याचा उपयोग. डिस्कच गेली तर सी, डी, ई सगळं बरोबर जातं. तपासायचं असेल तर स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा. खालच्या भागात डिस्क झीरो, डिस्क वन अशा ओळी दिसतात. एकाच ओळीत सी आणि डी दोन्ही असतील तर ती एकच डिस्क समजा.

फोटोग्राफर पीटर क्रोग यांच्यामुळं रूढ झालेला एक साधा हिशोब आहे, तीन-दोन-एक. प्रत्येक महत्त्वाच्या गोष्टीच्या तीन प्रती, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. आपल्या आज्या बियाण्याची ज्वारी खायच्या ज्वारीत मिसळत नसत. राखेत घोळून वेगळ्या गाडग्यात ठेवत. त्यामागची समज हीच.

पहिलं काम: सगळं एका टेबलावर

एक रविवार काढा. घरातल्या सगळ्या डिस्क, पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड, बंद पडलेले मोबाइल, लग्नाच्या डीव्हीडी, माळ्यावरचा जुना सीपीयू, सगळं एका ठिकाणी आणा. एक दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक डिस्कवर कागदी चिकटपट्टी लावून क्रमांक टाका: १, २, ३. वहीत प्रत्येकीपुढं चार गोष्टी लिहा: किती जीबीची, कधी घेतली असावी, आत काय आहे, तब्येत कशी आहे. तब्येतीचा रकाना सध्या रिकामा राहू द्या.

या टप्प्यावर काहीही हलवायचं नाही, पुसायचं नाही, "हे नको असेल" म्हणून डिलीट करायचं नाही. डिस्क लावायची, आत बघायचं, वहीत लिहायचं, काढायची. आवरायची घाई झाली की नेमकं चुकीचं पुसलं जातं.

जुन्या सीपीयूतली डिस्क फेकू नका. सीपीयू चालू होत नसला तरी आतली डिस्क बहुधा चांगली असते. ती काढून साटा-टू-यूएसबी केबलनं किंवा डिस्कच्या केसिंगमध्ये घालून नव्या कॉम्प्युटरला जोडता येते. मोठी, साडेतीन इंची डिस्क असेल तर केबलबरोबर वेगळा वीजपुरवठ्याचा अ‍ॅडॉप्टर लागतो. तो नसलेली केबल घेतली तर डिस्क फिरणारच नाही आणि ती खराब झाली असं तुम्हाला वाटेल. ओळखीच्या एका मास्तरांची २०११ सालची सगळी शाळेची छायाचित्रं अशाच "मेलेल्या" कॉम्प्युटरमधून निघाली.

डिस्कची तब्येत

क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर उतरवून घ्या. ते डिस्कच्या आतली स्मार्ट माहिती, म्हणजे डिस्क स्वतःच ठेवते ती तब्येतीची नोंद, वाचून दाखवतं. वर डाव्या बाजूला निळ्या चौकोनात "गुड", पिवळ्यात "कॉशन" किंवा लालमध्ये "बॅड" येतं. फक्त रंगावर जाऊ नका. खालच्या यादीत तीन ओळी शोधा: रीअ‍ॅलोकेटेड सेक्टर्स काउंट, करंट पेंडिंग सेक्टर काउंट आणि अनकरेक्टेबल सेक्टर काउंट. शेवटच्या रकान्यात सगळी शून्यं असतील तर ठीक. पेंडिंगमध्ये आकडा असेल तर डिस्कला काही जागा वाचता येत नाहीयेत. तिच्यावर नवीन काही ठेवायचं नाही, आहे ते आज उतरवून घ्यायचं. आकडे कधीकधी सोळांच्या पद्धतीत, म्हणजे अक्षरं मिसळून दिसतात. फंक्शन मेन्यूत अ‍ॅडव्हान्स फीचरमध्ये रॉ व्हॅल्यूज दशमान करण्याची सोय आहे.

याच यादीत सीआरसी एरर नावाची ओळ असते. तो आकडा वाढत असेल आणि बाकी तिन्ही शून्य असतील, तर दोष बहुधा केबलचा. केबल बदलून बघा, डिस्कला दोष देऊ नका.

आता आवाजाचं. फिरत्या डिस्कचा हलका घरघर आवाज नेहमीचा. पण ठरावीक अंतरानं टकटक येत असेल तर त्या क्षणी वायर काढा. पुन्हा पुन्हा लावून बघू नका, "एरर चेकिंग" चालवू नका, फ्रीजमध्ये ठेवायचे यूट्यूबवरचे उपाय करू नका. आतलं डेटा वाचणारं टाचणीएवढं डोकं (हेड) तबकडीवर घासत असू शकतं आणि प्रत्येक प्रयत्नात उरलेलंही खरवडलं जातं. मी त्या दिवशी सात-आठ वेळा लावून बघितली होती. आता कळतं की पहिल्यांदा आवाज आला तेव्हाच थांबायला हवं होतं. अशी डिस्क फक्त डेटा रिकव्हरीचं खरं काम करणाऱ्या लॅबमध्येच द्यावी. नुसतं सॉफ्टवेअर चालवणाऱ्या दुकानात नाही.

काय विकत घ्यायचं

वहीतल्या सगळ्या डेटाची बेरीज करा, दुप्पट करा. तेवढ्या क्षमतेच्या दोन डिस्क घ्या. एक मोठी घेण्यापेक्षा दोन मध्यम बऱ्या. शक्य असेल तर दोन वेगळ्या कंपन्यांच्या, म्हणजे एकाच घडणीतला दोष दोघींत येणार नाही.

आपल्या भागात मी अडीच इंची, यूएसबीवरच चालणारी पोर्टेबल डिस्क सुचवतो. साडेतीन इंची टेबलावरच्या डिस्कला भिंतीतल्या प्लगची वीज लागते. कॉपी चालू असताना लाइट गेली तर ती तिथंच बंद पडते. पोर्टेबल डिस्क लॅपटॉपच्या बॅटरीवर काम पुरं करते.

एसएसडी, म्हणजे आत काहीच न फिरणारी, चिपवर चालणारी डिस्क, की फिरती डिस्क? रोजच्या कामाच्या कॉम्प्युटरमध्ये एसएसडी घालाच, त्यासारखा फरक दुसऱ्या कशानं पडत नाही. पण कपाटात ठेवायच्या बॅकअपसाठी मी फिरती डिस्कच घेतो. एसएसडीला वीज न देता खूप काळ ठेवलं तर आतला डेटा हळूहळू विरू शकतो, आणि उष्णतेत ते लवकर होतं. आपल्याकडं एप्रिल-मे म्हणजे बेचाळीस-त्रेचाळीस अंश. शिवाय एसएसडीवरून चुकून पुसलेली फाइल ट्रिम, म्हणजे पुसलेली जागा आपोआप रिकामी करायच्या सोयीमुळं, बहुधा परत मिळतच नाही. याउलट एसएसडी पडली तर सहसा काही होत नाही. फिरती डिस्क चालू असताना पडली की संपली. म्हणून ती वापरताना टीपॉयवर, गादीवर, सीपीयूच्या डोक्यावर नाही. थेट जमिनीवर किंवा टेबलाच्या मध्यावर.

ऑनलाइन "सोळा टीबी, फक्त नऊशे रुपये" अशा जाहिराती येतात. त्या डिस्क खोट्या असतात. आत छोटी चिप असते आणि कॉम्प्युटरला मोठा आकडा सांगायला ती शिकवलेली असते. भरेल तसं जुनं पुसत नवं लिहिते. कॉपी झाल्यासारखी दिसते, उघडत काहीच नाही. नवीन डिस्क आणली की एचटूटेस्टडब्ल्यू या मोफत साधनानं ती एकदा पूर्ण भरून वाचून घ्या. मोठ्या डिस्कला रात्र जाते, जाऊ द्या. आणि एक टीबीच्या डिस्कवर ९३१ जीबी दिसलं तर फसवणूक समजू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या.

फॉरमॅटचं, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायच्या पद्धतीचं, थोडक्यात: फक्त विंडोजवर वापरणार असाल तर एनटीएफएस. मॅकवरही लिहायचं असेल तर एक्सफॅट. फॅट ३२ नको, त्यात चार जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, म्हणजे लग्नाचा व्हिडिओ अर्ध्यात अडकतो.

फोल्डर लावणं

इथं जरा रेंगाळतो, कारण न लावलेल्या पसाऱ्याचा बॅकअप म्हणजे पसाऱ्याच्या तीन प्रती. आमच्या कॉम्प्युटरवर "नवीन फोल्डर (३)", त्यात "डेस्कटॉप जुना", त्यात "मोबाइल सगळं", त्यात पुन्हा "नवीन फोल्डर" असं सात पायऱ्या खोल गेलेलं होतं. अण्णांच्या पेन्शनचा एक कागद तिथं तीन वर्षं पडून होता आणि आम्ही तो पंचायत समितीत शोधत होतो.

कामाला लागण्याआधी नव्या डिस्कवर "आहे तसं" नावाचं फोल्डर करा आणि जुन्या प्रत्येक डिस्कचं सगळं त्यात, क्रमांकाच्या फोल्डरात, कॉपी करून ठेवा. कट-पेस्ट नाही. कॉपी-पेस्ट. कट करताना मधेच लाइट गेली तर कुठली फाइल कुठं राहिली हे शोधत बसावं लागतं. कॉपी करताना निळ्या रंगाचं यूएसबी थ्री पोर्ट वापरा. पाचशे जीबीचे मोठे व्हिडिओ निळ्या पोर्टवर दीडेक तासात जातात, जुन्या पोर्टवर चार तास लागतात. फोटोंसारख्या हजारो लहान फाइलींना त्याहून जास्त. बऱ्याच पोर्टेबल डिस्क खूप लिहिलं की मधेच एकदम मंद होतात. ती त्यांच्या घडणीची रीत आहे, घाबरून वायर काढू नका. सेटिंग्जमध्ये जाऊन तेवढ्यापुरतं कॉम्प्युटरचं झोपणं बंद करा.

हे झालं की मग निर्धास्त आवराआवर करा. माझी मांडणी अशी: "१ कागदपत्रं", "२ शेती", "३ फोटो-व्हिडिओ", "४ आवाज", "५ मुलांचं शिक्षण", "६ पैसे". फक्त सहा. पुढं क्रमांक दिला की क्रम हलत नाही. कागदपत्रांत माणसागणिक फोल्डर: आई, दादा, आक्का, मी. फोटोंत वर्ष, आणि त्यात "२०२३-०५-१४ आक्काच्या मुलीचं लग्न" अशी नावं. आधी वर्ष, मग महिना, मग तारीख असं लिहिलं की विंडोज आपोआप काळाच्या क्रमानं लावतं. देवनागरी नावं बिनधास्त द्या, आजच्या विंडोजला काही अडचण नाही. फक्त सरकारी संकेतस्थळावर अपलोड करायची प्रत वेगळी काढून तिला साधं इंग्रजी नाव द्या, तिथं कधीकधी देवनागरी नाव नाकारलं जातं.

शेतीच्या फोल्डरात एक गंमतशीर अडथळा येतो: "७/१२" हे फाइलचं नाव होऊच शकत नाही. तिरकी रेघ विंडोज घेत नाही. "सातबारा गट क्रमांक" असं अक्षरी लिहा. महाभूमीवरून उतरवलेला डिजिटल सहीचा सातबारा आहे तसाच मूळ पीडीएफ ठेवा. तो पुन्हा "प्रिंट टू पीडीएफ" केला किंवा त्याचा मोबाइलनं फोटो काढला तर डिजिटल सही त्यात राहत नाही. मराठवाड्यात २०२३ पासून घरोघर कुणबी नोंदींसाठी जुने कागद शोधले गेले. खासरा पत्रकाच्या नकला, सेतवार, उर्दूतले आणि मोडीतले कागद ट्रंकांतून बाहेर आले. त्यांचे फोटो बहुतेकांच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्येच पडून आहेत. ते कागद पुन्हा काढा, उजेडात सपाट ठेवून ३०० डीपीआयवर स्कॅन करा, दोन्ही बाजू. नावात गाव, कागदाचा प्रकार आणि साल लिहा. मूळ कागद आधीच चुरतोय. ही स्कॅन प्रत पुढच्या पिढीला उपयोगी पडणार आहे, म्हणून ती घाईत करू नका.

दुसरी खास आपली अडचण फॉन्टची. १०-१५ वर्षांपूर्वी डीटीपीच्या दुकानातून करून आणलेले अर्ज, लग्नपत्रिका, वडिलांच्या आठवणी श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा फॉन्टात असतात. नव्या कॉम्प्युटरवर त्या उघडल्या की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. फाइल शाबूत असते, वाचता मात्र येत नाही. जुना कॉम्प्युटर चालू आहे तोवर त्या उघडून प्रत्येकीची पीडीएफ करून ठेवा आणि फॉन्टची फाइलही बॅकअपमध्ये घ्या. जमलं तर मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या, त्यासाठीची परिवर्तकं ऑनलाइन मिळतात.

फोटोंमधल्या दुबार प्रती काढायला ड्यूपगुरू किंवा च्कावका ही मोफत साधनं आहेत. सावधगिरी एकच: दोन सारख्या फोटोंतला कोणता ठेवायचा? ज्याची फाइल मोठी आणि ज्याच्या नावात "डब्ल्यूए" नाही तो. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो बारीक केलेला असतो आणि कधी, कशानं काढला ही त्यातली माहितीही गेलेली असते. नातेवाइकांकडून लग्नाचे फोटो मागवताना "डॉक्युमेंट म्हणून पाठव" म्हणा, म्हणजे मूळ फाइल येते.

बॅकअप: घर आणि गाव

माझ्या दोन डिस्कची नावं "घर" आणि "गाव". नाव आत, विंडोजमध्ये दिलंय आणि बाहेर चिकटपट्टीवरही लिहिलंय. कॉम्प्युटरवरची ती पहिली प्रत, "घर" डिस्क दुसरी, "गाव" तिसरी.

नेहमीच्या नकलेसाठी फ्रीफाइलसिंक नावाचं सॉफ्टवेअर वापरतो. डावीकडं कॉम्प्युटरचं फोल्डर निवडायचं, उजवीकडं डिस्कवरचं. वर "कंपेअर" दाबायचं. दोन्हींत काय वेगळं आहे याची यादी येते. ही यादी वाचा, सगळा मुद्दा इथंच आहे. दोनशे फाइली पुसल्या जाणार असं दिसलं आणि तुम्ही काहीच पुसलं नसेल, तर थांबा, काहीतरी बिघडलंय. मग "सिंक्रोनाइझ".

यात तीन रीती असतात. "टू-वे" दोन्हीकडचे बदल एकमेकांवर चढवते, ती बॅकअपसाठी वापरू नका. "मिरर" उजवी बाजू डावीसारखी हुबेहूब करते, म्हणजे कॉम्प्युटरवर चुकून पुसलेलं डिस्कवरूनही पुसते. "अपडेट" फक्त नवं आणि बदललेलं टाकते, पुसत नाही. मी मिरर वापरतो, पण सेटिंगमध्ये पुसलेल्या फाइलींसाठी "व्हर्जनिंग" निवडून त्याच डिस्कवर "जुन्या प्रती" फोल्डर दिलंय. म्हणजे पुसलेली किंवा बदललेली फाइल तिथं जाऊन पडते. नव्यानं सुरू करणाऱ्यानं अपडेटपासूनच सुरुवात करावी. थोडा कचरा साठतो, पण काही हरवत नाही.

विंडोजची स्वतःची फाइल हिस्टरी कंट्रोल पॅनेलमध्ये आहे. ती डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप यांच्या जुन्या आवृत्त्या दर तासाला ठेवते, पण त्यासाठी डिस्क जोडलेली राहावी लागते. डी ड्राइव्हवरची फोल्डरं ती आपोआप घेत नाही, लायब्ररीत जोडावी लागतात.

जोडलेली डिस्क ही सोय आहे आणि धोकाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या रॅन्समवेअरनं, म्हणजे खंडणी मागणाऱ्या व्हायरसनं, जगभरातले कॉम्प्युटर कुलूपबंद केले, तेव्हापासून हे सगळ्यांना माहीत झालं. असा व्हायरस आत शिरला की जोडलेल्या प्रत्येक डिस्कवर तो पोचतो. म्हणून काम झालं की "सेफली रिमूव्ह" करून डिस्क काढायची. सेफली रिमूव्ह हा उपचार नाही, लिहायचं राहिलेलं पुरं लिहून घ्यायची ती सूचना असते.

किती दिवसांनी? "घर" दर अमावस्येला. तारखा मी विसरतो, अमावस्या आई विसरू देत नाही. "आज आमुशा हाय, तुझी डबी लाव की," म्हणते. "गाव" डिस्क वर्षातून तीनदा बदलते: गुढीपाडवा, पोळा आणि येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. लातूर-धाराशिवकडं वेळ अमावस्येला सगळं घर शेतात जातं, आंबील-भज्जी होते, तेव्हा ताजी भरलेली "घर" डिस्क घेऊन जातो, दादाकडची "गाव" घेऊन येतो आणि चिकटपट्ट्या बदलतो. पहिल्या वर्षी दादा म्हणाला, "हे कशाला आणायलास रं इथं, चोरीला जाईल." आता तोच ट्रंकेतून काढून तयार ठेवतो. २०२५ च्या सप्टेंबरातल्या अतिवृष्टीत मराठवाड्यात किती घरांत पाणी शिरलं ते आपण बघितलं. घरातल्या तिन्ही प्रती एका कपाटात असत्या तर त्या एकदमच भिजल्या असत्या. तुमचं गाव नदीकाठी असेल तर दुसऱ्या गावचं नातेवाइकाचं घर शोधा.

गावच्या डिस्कवर आधार, बँकेचे कागद, सह्या असतील तर ते फोल्डर व्हेराक्रिप्ट या सॉफ्टवेअरनं केलेल्या कुलूपबंद फाइलीत ठेवा. फोटो आणि आवाज मात्र मी उघडे ठेवतो. ते कुणाच्याही हाती लागले तरी चालतील, घरच्यांना उघडता आले नाहीत तर चालणार नाही.

क्लाउडचं इतकंच

गुगल १५ जीबी फुकट देतं, त्यात जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो तिन्ही आले. १ जून २०२१ पासून फोटोही त्यात मोजले जातात. सगळे फोटो त्यात बसणार नाहीत. कागदपत्रं, स्कॅन आणि आवाज सहज बसतात. तेवढं ठेवा. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा. दोन वर्षं अकाउंट उघडलंच नाही तर गुगल ते पुसू शकतं, म्हणून वडीलधाऱ्यांच्या नावानं काढलेली अकाउंटं अधूनमधून उघडा. आणि लक्षात असू द्या, ड्राइव्ह किंवा वनड्राइव्ह हे सिंक आहे. इकडं पुसलं की तिकडंही पुसलं जातं आणि कचरापेटीत तीस दिवस राहून निघून जातं. डिजिलॉकरमधली सरकारनं दिलेली प्रमाणपत्रं पुन्हा मिळतात, त्यांची फार काळजी नको.

वीज, ऊन, धूळ

घरात इन्व्हर्टर आहे म्हणून निश्चिंत राहू नका. लाइट गेल्यावर इन्व्हर्टर चालू व्हायला क्षणभर लागतो आणि तेवढ्यात डेस्कटॉप रीस्टार्ट होतो. इन्व्हर्टरच्या मागं "यूपीएस मोड" चं बटण असतं, ते लावा. तरी रीस्टार्ट होत असेल तर कॉम्प्युटरसाठी वेगळा छोटा यूपीएस घ्या. अर्थिंग एकदा वायरमनकडून तपासून घ्या. अवकाळीचा कडकडाट सुरू झाला की प्लग ओढून काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. इंटरनेटची वायरही काढा.

डिस्क पत्र्याच्या खोलीत, माळ्यावर, गाडीच्या डिकीत किंवा पश्चिमेच्या भिंतीला लागलेल्या कपाटात ठेवू नका. मधल्या खोलीत, खालून दुसऱ्या-तिसऱ्या फळीवर, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. मे महिन्यात मोठी कॉपी रात्री करा आणि क्रिस्टलडिस्कइन्फोत तापमान ५० च्या वर गेलं तर थांबून पंख्याखाली गार होऊ द्या.

उघडून बघणं

इथंवर आलेले बहुतेक लोक शेवटचं काम सोडतात. वर्षातून दोनदा डिस्क दुसऱ्याच कॉम्प्युटरला लावा, शेजारच्या, भाच्याच्या, कुणाच्याही. दहा फाइली डोळे मिटून निवडा आणि खरोखर उघडा. फोटो पूर्ण मोठा करा, अर्धा राखाडी दिसत नाही ना बघा. व्हिडिओ मधून आणि शेवटून चालवा. टॅलीत हिशोब असतील तर टॅलीच्याच बॅकअपनं घेतलेली प्रत परत चढवून बघा. कुलूपबंद फाइलीचा पासवर्ड चालतो का बघा. नव्या लॅपटॉपवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप, आपोआप चालू असू शकतं. त्याची ४८ आकडी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून काढून कागदावर लिहा, नाहीतर लॅपटॉप बिघडल्यावर त्यातली डिस्क कुणालाच उघडता येणार नाही. विंडोज १० चा कंपनीकडून मिळणारा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्यानं बरेच जण आता कॉम्प्युटर बदलतायत किंवा फॉरमॅट करतायत. दुकानात नेण्याआधी ही तपासणी करा, नंतर नाही.

शेवटी त्या वहीच्या पहिल्या पानावर घरातल्या सगळ्यांना कळेल असं लिहून ठेवा: कोणती डिस्क कुठं आहे, पासवर्ड कुठल्या पाकिटात आहे, कोणत्या फोल्डरात काय आहे. आमच्या पानावर चौथ्या ओळीत लिहिलंय, "४ आवाज → अण्णा → १९९३ ची रात्र, अकरा मिनिटं." गेल्या येळवसला शेतात जेवणं झाल्यावर दादाच्या मुलीनं ते पान बघून, मला न विचारता, डिस्क दादाच्या लॅपटॉपला लावली आणि ते रेकॉर्डिंग लावलं.